चहा कुणी द्यायचा

सत्तराव्या वाढदिवशी, पोटची तिन्ही मुलं घरात असताना, दुपार व्हायला आली तरी ग्वात सिमला कुणी चहा दिला नव्हता. पाणी दिलं. संत्र्याचा रस दिला. धाकट्यानं तर कसलंसं ताकदीचं पेय आणलं, बाटली उघडली, वर चमचाभर घट्ट करायची पूडही ढवळली, कारण पातळ काही प्यायलं की हल्ली तिला ठसका लागायचा. पण चहा नाही. लाल खजूर आणि लाँगनची सुकी फळं घातलेली किटली सकाळपासून मागे चुलीवर रटरटत होती, आणि तिच्या आसपास फिरकायची कुणाची छाती होत नव्हती.

आता आमच्या पिनांगात मोठ्या वाढदिवसाला मुलांनी गुडघे टेकून, दोन्ही हातांनी आईला गोड चहा द्यायचा असतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण चूक कबूल करायची तीही अशीच. तेच गुडघे, तेच दोन हात, तोच चहा. एरवी दोन्हींत गल्लत होत नाही, कारण एरवी माणसाला आपण काय करतोय ते ठाऊक असतं. ग्वात सिमच्या चिया कुटुंबात नववर्षानंतर ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

हा धोका पहिल्यांदा हेरला तो जावईबापूंनी. एंग कीत वकील होता, आणि इतका जपून बोलणारा की लग्नाच्या नोंदणीत अधिकाऱ्यानं "ही बायको मान्य आहे का" विचारल्यावरही त्यानं आधी कागद मागितला होता. ग्वात सिम ते विसरली नव्हती. त्यानं आठवडाभर आधीच तिन्ही भावंडांना बसवून सांगितलं की चहा देणं टाळा, आणि टाळता आलंच नाही तर कप पुढे करण्याआधी एक वाक्य मोठ्यानं म्हणा. ते वाक्य आज सकाळी ग्वात सिमनं आपल्या मुलीच्या तोंडून ऐकलं होतं. ले पेंग न्हाणीघरात आरशासमोर पाठ करत होती: हा चहा केवळ प्रेमापोटी व वाढदिवसानिमित्त देण्यात येत असून, यातून कोणतीही जबाबदारी मान्य केली आहे असा अर्थ काढू नये. दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा बरोबर जमलं. बाहेर दाराशी टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या आईला हसावं की रडावं कळेना.

गंमत म्हणजे खटला कुणी भरलेलाच नव्हता. भरायचा तर ग्वात सिमनं भरायचा, आणि तिच्या मनाला ते शिवलंही नव्हतं. पोटच्या पोरांवर कोण खटला भरतं? तिनं तसं एंग कीतला आपल्या उरल्यासुरल्या आवाजात सांगितलंही. तो म्हणाला, खटला नाही म्हणूनच जास्त जपायला हवं, मा. खटला असला की निदान कोणत्या बाजूनं येतोय ते दिसतं.

झालं होतं ते असं. तिच्या गळ्यात गाठ होती, बरीच वर्षं होती, आणि तिची काही तक्रार नव्हती. मग नववर्षाच्या तोंडावर थोरल्या बून हॉकनं ती चाचपली आणि काढून टाकू म्हणाला. तो गळ्याचाच सर्जन. ले पेंग ज्या इस्पितळाची मुख्य होती तिथं त्याच सुमारास चार हातांचं यंत्र आलं होतं, आणि ते इस्पितळाला विकलं होतं धाकट्या बून तेकनं. हे यंत्र म्हणे ओठाच्या आतून शिरतं, गळ्यावर ओरखडाही ठेवत नाही. शिवाय त्याच्यात शहाणपण भरलेलं. पडद्यावर ते स्वतःच आवाजाची नस ओळखतं आणि तिच्यावर हिरवी रेघ मारतं, म्हणजे डॉक्टरनं रेघ सोडून बाकीचं कापायचं. इस्पितळाच्या मुख्य बाईची स्वतःची आई पहिली रोगी, भाऊ सर्जन, दुसरा भाऊ यंत्रवाला. याहून चांगली जाहिरात कुठली? तिघांनी तिला घेरलं. तिची तिन्ही मुलं एकमेकांशी सहमत झालेली तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिली. तिला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण ती विरघळली आणि हो म्हणाली.

रेघ होती तिथं नस नव्हती. नस होती तिथं रेघ नव्हती. गाठ निघाली, गळा गुळगुळीत राहिला, फोटो छापून आले, आणि शुद्धीवर आल्यावर ग्वात सिमनं पाणी मागायला तोंड उघडलं तर सायकलच्या नळीतून निघते तशी नुसती हवा निघाली.

तिचा आवाज म्हणजे काय होता ते पुलाउ टिकुसच्या बाजारात कुणालाही विचारा. चाळीस वर्षं तिनं तिथं कोळंबी विकली. नवरा गेला तेव्हा तेक अजून अंगावर पीत होता. पुढचं सगळं, तीन पोरांची शिक्षणं, हे घर, बून हॉकचं परदेशातलं कॉलेज, त्या एका आवाजावर निघालं. ती "जिवंत आहे, उडी मारतेय" अशी हाक द्यायची तर रस्त्यापलीकडची गिऱ्हाइकं वळायची. दुकान सोडल्यावरही ती रोज बाजारात जायची, घासाघीस करायला, भांडायला. आता जात नव्हती. मागच्या महिन्यात गेली होती, तर मासेवाल्यानं तिचं कुजबुजणं ऐकून कीव केली आणि भाव न करताच कमी केला. घरी येऊन ती रडली.

क्वालालंपूरच्या प्रोफेसर नलिनी म्हणत होत्या की अजूनही आवाज बराचसा परत आणता येईल, लहानशी शस्त्रक्रिया आहे. नस आपोआप जागी होईल म्हणून वाट पाहून झाली होती. आता उगाच ताटकळण्यात काही हशील नव्हतं. तारीखही मिळत होती. अडलं होतं ग्वात सिमपाशी. तिनं सगळ्यांना एकदाच सांगून ठेवलं होतं: गळा परत उघडायचा तर उघडू, पण आधी तो बंद कुणी केला ते मला सांगा. एकानं सांगा, दोघांनी सांगा, पण समोर बसून सांगा. मग मी येते.

आणि तेवढं एक सोडून ते तिच्यासाठी सगळं करत होते.

*

टेबलावर ‘मी सुआ’ म्हणतात त्या दीर्घायुष्याच्या लांब शेवया होत्या, लाल रंगवलेली अंडी होती, पीचच्या आकाराचे गोड पाव होते. थोरली सून सू आन नवऱ्याला खेटून बसली होती, त्याचे गुडघे वाकले तर वरच्यावर धरता यावेत इतकी जवळ. तिचं चुकत नव्हतं. बून हॉकनं चूक मान्य केली तर त्याचा परवाना जाईल, असं त्याच्या वकिलानं सांगितलं होतं. बून हॉकचा, इस्पितळाचा आणि कंपनीचा असे तीन वेगळे वकील होते, आणि जावई चौथा, फुकटचा. बून हॉक समोरचं अंडं सोलत होता आणि सोललेलं अंडं तसंच ताटलीत ठेवत होता. हे त्याचं तिसरं अंडं. त्या शस्त्रक्रियेनंतर त्यानं हातात चाकू धरला नव्हता, नुसते बाहेरचे रोगी तपासायचा; हे ग्वात सिमला सुनेनं नव्हे, भाजीवालीनं सांगितलं होतं. पोराचा चेहरा उतरलेला पाहून त्याला जवळ घ्यावंसं वाटायचं आणि लगेच रागही यायचा, की एवढं जर खुपतंय तर तोंड का उघडत नाही मेला.

"मा, शेवया गार होतील," ले पेंग म्हणाली.

ग्वात सिमनं मान हलवली. चहा झाल्याशिवाय शेवयांना हात लावायचा नसतो. ती खुर्चीत ताठ बसली, हात मांडीवर ठेवले आणि वाट पाहू लागली. पंखा फिरत राहिला.

शेवटी तोडगा काढला तो एंग कीतनंच. त्याचं म्हणणं पडलं की कप एकानं देऊ नये. तिघांनी मिळून एक ताट धरावं, ताटात एकच कप ठेवावा. मग कबुली झालीच तरी ती कुणा एकाची होत नाही, आणि वाढदिवसाचा मानही राहतो. सगळ्यांना ते पटलं. ले पेंगनं किटली आणली, कप भरला, आणि तिघं भावंडं लग्नातलं लाल लाखेचं ताट घेऊन आईसमोर आली.

तिथं नवीन वाद निघाला. मधे कोण? मधे उभा राहील त्याच्या हातावर जास्त भार. तेक म्हणाला, दादानं मधे राहावं, कापलं त्यानं. सू आन खुर्चीवरून म्हणाली, भावोजी, कापलं ते तुमच्या यंत्रानं दाखवलं तिथं. तेक म्हणाला, वहिनी, यंत्र फक्त सल्ला देतं, पहिल्याच पानावर छापलंय, निर्णय डॉक्टरचा. ले पेंग म्हणाली, असं आहे तर विकताना डॉक्टरपेक्षा शहाणं म्हणून का विकलंस? तेक म्हणाला, आणि तू घेतलंस का? बून हॉक ताटाची आपली कड तेवढी घट्ट धरून होता. तेवढ्यात ले पेंगला आपलं टोक जास्त जड वाटलं म्हणून तिनं ते किंचित खाली केलं, तेकनं आपलं त्याहून खाली केलं, आणि कप घसरत येऊन शेवयांच्या वाडग्यात पालथा झाला.

ग्वात सिमनं शेवयांवर तरंगणाऱ्या लाल खजुराकडे बघितलं. मनात तिनं तिघांना जे काही सुनावलं ते बाजारातल्या बायकांनी टाळ्या देऊन ऐकलं असतं. बाहेर काही आलं नाही.

"मी सांगू का," तेक म्हणाला. "कुणा माणसानं चहा द्यायलाच कशाला हवा?"

त्याच्या गाडीत नमुन्याचा हात होता. खऱ्या यंत्राला असतात तसाच, पण एकच आणि टेबलावर बसवायचा; गिऱ्हाइकांसमोर तो द्राक्षाची साल काढून परत शिवून दाखवतो. तेकनं तो आणला, लाल अंडी बाजूला सारून मांडला, वायर लावली. सू आननं त्याच्या खाली स्वच्छ रुमाल घातला, कारण काही झालं तरी वाढदिवस होता. एंग कीत लांब उभा राहून विचार करत होता, आणि बराच विचार केल्यावर त्याचा चेहरा उजळला. गुडघे नाहीत, तो म्हणाला. ज्याला गुडघेच नाहीत त्याच्या हातून कबुली कशी होईल?

हातानं किटली उचलली. असा संथ, असा स्थिर ओतला चहा, की ग्वात सिमलाही कौतुक वाटलं. कपात काठोकाठ, बाहेर थेंब नाही. मग दोन पोलादी बोटांत कप धरून हात तिच्या छातीपाशी आला आणि थांबला.

खोलीत सगळे खूश झाले. तेवढाच जरा बरा वेळ गेला.

ग्वात सिमनं कप घेतला नाही. तिनं हाताच्या मुळाशी पाहिलं, वायर कुठं जातेय ते पाहिलं, आणि वायरीमागे नजर नेत नेत कपाटापर्यंत पोचली. कपाटाच्या आडोशाला तिचा धाकटा मुलगा दोन दांडे हातात धरून ओणवा उभा होता. तिनं त्याला बोटानं जवळ बोलावलं. तिचं कुजबुजणं ऐकायला आताशा सगळ्यांना वाकावं लागे.

"हा हात कुणाचा?"

"कंपनीचा, मा."

"चालवतंय कोण?"

"चालवत असं नाही. मी आपला दांडा हलवतो, हात तो स्वतःच हलतो."

"तू दांडा सोडलास तर?"

तेक उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच एंग कीतनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उत्तर देऊ नकोस," तो हळूच म्हणाला. "चालवणारा तूच ठरशील. मग हा चहा तुझा."

तेकनं दांडे असे टाकले की जसे काही तापले होते. हात जागच्या जागी राहिला, कप हवेत, आईच्या हनुवटीखाली. आता तो कप काढून कुणी घ्यायचा? जो घेईल त्याच्या हातात चहा येणार, आणि समोर आई. ले पेंग मागे सरकली. सू आननं नवऱ्याचा सदरा मागून मुठीत धरला. बराच वेळ सगळं घर त्या कपाकडे बघत उभं होतं, आणि कपातली वाफ हळूहळू विरत गेली.

*

मग तेकचा फोन वाजला. कंपनीच्या तांत्रिक माणसाचा होता. यंत्राबद्दलची त्यांची चौकशी पुरी झाली होती. तेक ऐकत गेला तसा त्याचा चेहरा सैल होत गेला. फोन ठेवून तो म्हणाला, झालं, मिटलं. यंत्र बरोबर होतं. दादाही बरोबर होता. इस्पितळही बरोबर. यंत्रानं हजारो माना पाहून शिकून घेतलंय की नस कुठून जाते, आणि तिथंच त्यानं रेघ मारली. माची नस जगावेगळी आहे. इतरांची खाली जाऊन वळसा घेते, माची सरळ आडवी येते. शंभरात एखाद्याची असते अशी.

"म्हणजे चूक मानेची," ले पेंग म्हणाली, आणि मोठा श्वास सोडला.

"जन्मतःच तशी," तेक म्हणाला.

"म्हणजे आजोबांकडून आली असणार." ले पेंग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. तिथं चुलीच्या देवाशेजारच्या फळीवर ग्वात सिमच्या बापाचा फोटो होता. सासरच्या देव्हाऱ्यात बायकोच्या बापाला जागा नसते, म्हणून ग्वात सिमनं तो बाप गेल्यापासून चुलीपाशी ठेवला होता आणि रोज त्याच्यापुढे उदबत्ती लावत होती. कोळशाच्या वखारीत राबून मेलेला माणूस, फोटोतही कॉलरचं बटण वरपर्यंत लावलेला. "मान बघा ना त्यांची. दिसतेच आखूड."

हां हां म्हणता सगळ्यांचं एकमत झालं. सकाळपासून एकमेकांवर डोळे वटारणारी भावंडं एका बाकावर बसली. सू आनही पहिल्यांदा नणंदेकडे बघून हसली. एंग कीतनं डोळे मिटून त्यातले सगळे कायदेशीर खाचखळगे तपासले आणि जाहीर केलं की याहून उत्तम काही असूच शकत नाही. दोष आहे पण दोषी हयात नाही, त्यामुळे कुणाच्याच वाट्याला काही येत नाही. फक्त बून हॉक कुणाकडे न बघता सोललेल्या अंड्यांकडे बघत राहिला.

ग्वात सिमच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याकडच्या लोकांनी तिच्या बापाला आपल्या घरात कधी खुर्ची दिली नाही. जिवंतपणी दाराबाहेर उभं केलं, मेल्यावर स्वयंपाकघरात. आणि आता तिच्याच पोरांनी खापर नेऊन फोडलं ते त्याच्या डोक्यावर. ओरडायला तिनं सगळा दम गोळा केला. फुस्स झालं, आणि वर ठसका लागला. ले पेंग पाठ चोळायला धावली. तिनं तिचा हात झिडकारला.

ती उठली. पोलादी बोटांतून तिनं कप स्वतःच ओढून घेतला आणि चालत स्वयंपाकघरात गेली. फळीसमोर उभी राहिली. मग एक हात ओट्यावर टेकून, दुखरा गुडघा आधी, मग बरा, अशी ती बापाच्या फोटोपुढे फरशीवर बसली आणि कप दोन्ही हातांनी वर धरला.

मागून सगळे दाराशी गोळा झाले होते. तिला बोलता येत नव्हतं हे एका परीनं बरं. काय बोलायचं ते तिलाच ठाऊक नव्हतं. बाबा, माफ करा, तुमची मान चुकली? माझी पोरं चुकली? मीच हो म्हणाले म्हणून मी चुकले? तिनं कप खाली ठेवायला पाहिलं, तर वाकता येईना. उठायला पाहिलं, तर गुडघा हलेना. सत्तर वर्षांची बाई चहाचा कप घेऊन फरशीवर अडकून पडली.

बून हॉक सगळ्यात आधी पुढे आला. सू आनच्या मुठीतून सदरा सुटला. त्यानं आईच्या काखेत हात घातला, पण उभ्यानं त्याला ती पेलवेना, म्हणून तोही खाली बसला, एक गुडघा, मग दुसरा. ग्वात सिमला आधाराला हात मोकळे हवे होते. तिनं कप त्याच्या हातात दिला.

आणि दोघं तसेच थांबले. आई समोर, मुलगा गुडघ्यांवर, कप त्याच्या दोन्ही हातांत.

"दादा, कप खाली ठेवा," एंग कीत दारातून म्हणाला. "काही बोलू नका. आधी कप खाली ठेवा."

बून हॉकनं कप खाली ठेवला नाही. त्यानं तो आईसमोर वर धरला.

"मा," तो म्हणाला, "हिरवी रेघ दिसत होती. पण रेघेच्या बाहेर मला एक पांढरा धागा दिसला होता, आडवा. मी थांबलो. मला वाटलं ही नस असेल. मग वाटलं, या यंत्रानं माझ्यापेक्षा जास्त माना पाहिल्यात, मला काय कळतंय. आणि तो धागा मी कापला. आजोबांची मान नाही. यंत्र नाही. मी पाहिलं होतं आणि तरी कापलं. माझी चूक आहे."

सू आन भिंतीला टेकून खाली बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली. ग्वात सिमलाही रडू आलं. कितीतरी दिवस तिनं या वाक्याची वाट पाहिली होती, आणि आता ते ऐकताना तिला एवढंच वाटलं की पोर किती वाळलंय.

तिनं कपासाठी हात पुढे केला. पण मधेच ले पेंगचा आवाज आला.

"तू थांबला होतास? किती वेळ?"

"बराच."

"मग मी वर निरोप पाठवला," ले पेंग सावकाश म्हणाली. "वार्ताहर खाली खोळंबलेत, अजून किती वेळ, असा. तू त्यावर कापलंस. तुझी कशी चूक? माझी आहे." ती तिथल्या तिथं, रेशमी कपड्यानिशी, भावाच्या शेजारी गुडघ्यांवर आली.

"ताई, तुझी कशी?" तेक मागून म्हणाला. "कंपनीनं सांगितलं होतं मला. दुसरीकडे एकदा असं झालंय, डॉक्टरांच्या कानावर घाला, म्हणून. मी म्हटलं आधी पहिली शस्त्रक्रिया होऊन जाऊ दे, नाहीतर ही लोकं यंत्र परत करतील. मी कुणाला सांगितलंच नाही. माझी सगळ्यात मोठी." तोही खाली बसला. स्वयंपाकघर अरुंद, तो अर्धा फ्रिजच्या बाजूला आणि अर्धा बहिणीच्या पाठीवर आला.

"मोठी माझी," बून हॉक म्हणाला. "चाकू माझ्या हातात होता."

"तुला घाई कुणी केली?" ले पेंग म्हणाली.

"अगं पण मी सांगितलं असतं तर त्यानं धाग्यावर विश्वास ठेवला असता."

"तू गप्प बैस, तू लहान आहेस, तुला काय कळतं?"

एंग कीतनं दारात कपाळाला हात लावला. एकूण जबाबदारी शंभर टक्क्यांच्या वर चाललीय, तो कुणाला तरी उद्देशून म्हणाला, असं होत नसतं. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. तिघं गुडघ्यांवर बसून एकमेकांच्या हातातून तो एकच कप ओढत होते, लहानपणी एका आंब्यावरून ओढाताण करायचे तसे, आणि प्रत्येकाला आपणच तो आईला द्यायचा होता. ग्वात सिमनं गप्प बसा म्हणून पाहिलं. तिचंच तिला ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा म्हणून पाहिलं. चाळीस वर्षं जो बाजार तिच्या एका हाकेसरशी वळायचा त्याचीही तिच्यापुढे आवाज चढवायची हिंमत नव्हती, आणि पोटची तीन पोरं तिच्या नाकासमोर भांडत होती आणि तिला त्यांना एक शिवी देता येत नव्हती.

शेवटी तिनं ओट्यावरची पळी हात वर करून ओढली आणि पातेल्याच्या झाकणावर हाणली. तिघं गप्प झाले.

कप तिनं तिघांच्या बोटांतून सोडवून घेतला. हनुवटी छातीला टेकवून, इस्पितळात शिकवलं होतं तसं, गार झालेला चहा घोट घोट करून ती प्याली. मधे एकदा ठसका लागला. ती थांबली, आणि उरलेलाही प्याली. मग तिनं थोरल्याला खूण केली. तो कान तिच्या ओठांपाशी घेऊन आला.

"ती नलिनी बाई. कधी म्हणते?"

"तू हो म्हणालीस तर याच आठवड्यात." बून हॉकनं मनगटानं नाक पुसलं. "मा, यात झोपवत नाहीत. गळ्यापुरतं बधिर करतात. तू जागी असतेस, आणि टेबलावर तुला सारखं बोलत ठेवतात. त्या आत एक लहानशी पट्टी थोडी थोडी सरकवत जातात, आवाज बरोबर लागला की थांबतात."

"काय बोलायचं?"

"काहीही. आकडे म्हणतात लोक. कुणी गाणं म्हणतं."

ग्वात सिमनं त्याच्याकडे बघितलं, मग मुलीकडे, मग फ्रिज आणि बहीण यांच्यामध्ये चेपलेल्या धाकट्याकडे. त्या तिघांनाही ऐकू जावं म्हणून तिनं होता नव्हता तेवढा श्वास भरून घेतला.

"तिघांनीही तिथं उभं राहायचं," ती म्हणाली. "मला बोलायला पुष्कळ आहे."